सैनिक शाळेत सहावीला मुलगा चाललाय, घरून काय शिकवून पाठवू?

चिंचेचं_झाड:

नमस्कार. मुलगा सैनिक शाळेची प्रवेश परीक्षा पास झाला, यादीत नाव लागलं, वैद्यकीय तपासणीही पार पडली. सहावीला प्रवेश आहे. वय अकरा, अंगाने काटकुळा, बोलायला बुजरा. आतापर्यंत जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकला. गणित चांगलं आहे, त्याच्यावरच तरला म्हणायचं.

घरात दोन तट पडलेत. ह्यांचं म्हणणं, अशी संधी पुन्हा येत नाही. सासूबाई म्हणतात, एवढ्याशा जिवाला कशाला लांब धाडताय. मुलाला विचारलं तर "जातो" म्हणतो, पण तो कशालाही हो म्हणतो.

व्हिडिओ बघितले तर सगळीकडे परेड आणि बँड. मला रोजचं सांगा कुणीतरी. दिवस कसा जातो? मोठी मुलं मारतात का? इंग्रजीचं काय होईल? पुढे त्याला सैन्यात जायचंच नसलं तर? जायला अजून काही आठवडे आहेत. ह्यांनी त्याला रोज पहाटे पळायला न्यायला सुरुवात केलीय. अजून काय करून घेऊ?

कोरा_कागद:

अभिनंदन! आधी शाळा नक्की कोणत्या प्रकारची आहे ते बघून घ्या, कारण लोक सगळ्यांना एकच समजतात. संरक्षण मंत्रालयाच्या सैनिक स्कूल्स सोसायटीच्या जुन्या ३३ शाळा आहेत. त्यातली पहिली साताऱ्याची, २३ जून १९६१ ची. कल्पना तेव्हाचे संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन यांची. महाराष्ट्रातली दुसरी चंद्रपूरची, २०१९ पासून. मग २०२१ मध्ये केंद्राने भागीदारीतल्या १०० नव्या सैनिक शाळा मंजूर केल्या. त्या शाळा स्वयंसेवी संस्था, खासगी शाळा किंवा राज्य सरकारं चालवतात, आणि त्यातल्या काही तर निवासीही नाहीत. शिवाय आपल्याकडे जिल्ह्याजिल्ह्यात संस्थांच्या सैनिकी शाळा आहेत, त्यांचा या परीक्षेशी संबंध नाही. फी, मेस, वसतिगृह, शिक्षक या प्रत्येक बाबतीत फरक पडतो, त्यामुळे इथे मिळालेला सल्ला तुमच्या शाळेला लागू आहे का ते तपासा.

गणितावर तरला हे बरोबरच. सहावीचा पेपर ३०० गुणांचा, त्यातले १५० एकट्या गणिताचे. सहावीला मराठीतून पेपर देता येतो, नववीच्या प्रवेशाला मात्र इंग्रजीच. म्हणजे मराठी शाळेतल्या मुलाला आत्ताची वेळ सोयीची आहे.

जुनी_मेट्रन:

ताई, मी अशाच एका निवासी शाळेत लहान मुलांच्या वसतिगृहाची मेट्रन होते. कुठली शाळा ते सांगत नाही. बोलून टाइप करतेय, काना-मात्रा चुकले तर सांभाळून घ्या.

पळण्याचं आधी. यजमानांना सांगा, पुरे झालं. पळायला तिथे शिकवतात, त्यासाठी माणूसच ठेवलेला असतो. पीटीचे उस्ताद बहुतेक सैन्यातून आलेले, त्यांच्या हाताखाली दसऱ्यापर्यंत कुठलंही काटकुळं पोर पळायला लागतं. जे तिथे कुणी बसून शिकवत नाही ते घरून शिकवा. ओलं फडकं वाळत घालणं, आणि मला बरं नाही हे आपणहून सांगणं. माझी निम्मी नोकरी या दोन गोष्टींपायी गेली.

दिवस असा. साडेपाचच्या आसपास शिट्टी. तोंड धुऊन, थोडं दूध किंवा चहा घेऊन मैदानावर फॉल-इन, म्हणजे रांगेत हजर. पीटी, आठवड्यातून काही दिवस ड्रिल. परत येऊन अंघोळ, गणवेश, नाश्ता, सभा, दुपारपर्यंत वर्ग. जेवण, जरा विश्रांती, संध्याकाळी खेळ, मग प्रेप, म्हणजे देखरेखीत बसून अभ्यास. रात्रीचं जेवण, दहाच्या सुमाराला दिवे बंद. यातलं काही जड नाही. जड जातात ती पीटी आणि नाश्ता यांच्यामधली मिनिटं. पोर घामाने निथळतंय, अंघोळीला रांग आहे, बेल्टचं बक्कल सापडत नाही, चादर ताणून कोपरे दुमडायचे राहिलेत, आणि बाहेर हाउसचा, म्हणजे वसतिगृहातल्या त्याच्या गटाचा, कॅप्टन नंबर मोजतोय. घरी ज्याला आई हातात सगळं देते ते पोर तिथे रडकुंडीला येतं. म्हणून आजपासून त्याच्या हातात काही देऊ नका. मोजा सापडत नाही म्हणाला तर शोधू दे. उशीर झाला तर होऊ दे, आत्ताच्या शाळेत झालेला बरा.

आता टॉवेल. हसू नका. पोरं ओला टॉवेल गुंडाळून पेटीत कोंबतात, त्यावर खेळून आलेले मोजे, त्यावर चड्डी. पावसाळ्यात आठ दिवसांत जांघेत नायटा. आणि अकरा वर्षांचा मुलगा हे मेट्रनला सांगत नाही, डॉक्टरला सांगत नाही, शेजारच्या पलंगावरच्यालाही सांगत नाही. मी चालण्यावरून ओळखायचे. उस्ताद म्हणायचे याचं ड्रिल बिघडलंय, मी म्हणायचे ड्रिल ठीक आहे, त्याला माझ्याकडे पाठवा. अंग कसं कोरडं करायचं, आतले कपडे रोज कसे धुवायचे, पिळून, झटकून दोरीवर कसे टाकायचे, हे बापाने शिकवावं. पहाटे पळवण्याचा तेवढा वेळ त्यात घालू द्या.

बूट घरून न्यायचे असतील तर आत्ताच घ्या आणि घरात रोज तासभर घालून फिरू द्या. नवेकोरे बूट घालून ड्रिलला उभं राहिलेल्यांची संध्याकाळी टाचा सोलवटून एमआय रूमपुढे रांग लागते. एमआय रूम म्हणजे शाळेचा दवाखाना, हा शब्द त्याला आधीच सांगून ठेवा. कपड्यांवर शाळेचा नंबर लाल दोऱ्याने टाका, पेनने टाकलेला धोब्याकडून चार वेळा आला की पुसट होतो. प्रत्येक कपड्यावर म्हणजे प्रत्येक. बनियनवरसुद्धा. बनियन हरवण्यात पोरांचा हात कुणी धरू शकत नाही.

एमआय रूमला दोन तऱ्हेची मुलं मी बघितली. एक रोज सकाळी पोट दुखतंय म्हणून येणारं. ते पोट नसतं, घर असतं. कोमट पाणी द्यायचं, दहा मिनिटं बसवायचं, आपोआप वर्गात जातं. त्याची मला कधी काळजी वाटली नाही. काळजी दुसऱ्याची. अंगात ताप आहे, घोटा सुजलाय, पण बोलत नाही, कारण आंतरहाउस क्रॉस कंट्री आहे आणि आपण बसलो तर हाउसचे गुण जातील. पीटीतून सूट मिळाल्याची चिठ्ठी खिशात असलेल्याला बाकीचे नावं ठेवतात. त्या भीतीने पोरं सुजलेल्या पायात बूट चढवतात. तुमचा बुजरा आहे ना, मग यावर काम करा. काय दुखतंय, कधीपासून, कसं, हे त्याने परक्या माणसाला सांगायची सवय लावा. औषधाच्या दुकानात तुम्ही मागे उभ्या राहा, त्याला पुढे करा. डॉक्टरकडेही तसंच. तो अडखळला तरी मधे बोलू नका. हे तुम्हाला जड जाणार आहे.

मेसचं जेवण पोटभर असतं, पण वेळ बांधलेली. रेंगाळत खाणारं पोर पहिल्या महिन्यात वाळतं. काटा-चमचा दोन दिवसांत येतो, त्यासाठी घरी तयारी नको.

मोबाइल मुलांकडे नसतो. फोन ठरलेल्या दिवशी, बहुतेक रविवारी. "जेवलास का बाळा, आठवण येते का" असं विचारलंत की तो रडणार, मग तुम्ही रडणार, आणि मागे रांगेत उभी असलेली पोरंही रडणार. एकाने सुरू केलं की त्या रात्री आख्खी डॉर्मिटरी जागी. विचारायचं असेल तर हे विचारा की शेजारच्या पलंगावर कोण झोपतो, कुठल्या गावचा आहे, आज फुटबॉलमध्ये कुठे खेळवलं. नावं घ्यायला लागला की रुळला. तीन-चार रविवार गेले आणि एकही नाव तोंडातून आलं नाही, तर हाउसमास्तरांशी बोला. ते रडण्यापेक्षा वाईट लक्षण आहे.

मोठी मुलं मारतात का? सरळ सांगते. चुकलं की फ्रंट रोल, मैदानाच्या फेऱ्या, याला पोरं रगडा म्हणतात. एकाच्या चुकीला सगळ्यांना. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मुलाला शारीरिक शिक्षा करायला बंदी आहे, शाळांचे नियमही कडक असतात, आणि बऱ्याच ठिकाणी सहावीच्या मुलांना होल्डिंग हाउसमध्ये मोठ्यांपासून वेगळं ठेवतात. तरी रात्री दिवे बंद झाल्यावर काय चालतं ते भिंतींनाच ठाऊक. आमच्याकडे सातवीच्या एका मुलाच्या दंडावर वळ दिसले. म्हणाला, अडथळ्यांच्या शर्यतीत पडलो. पडल्याचा वळ चार बोटांचा उठत नाही. हाउसमास्तरांना सांगितलं तर म्हणाले, मुलामुलांतलं आहे, सोडून द्या. मी प्राचार्यांना लेखी दिलं. चौकशी झाली, दोन मोठ्या मुलांना घरी पाठवलं. त्यानंतर बरेच दिवस स्टाफमधली काही मंडळी माझ्याशी तुटक वागत होती. हे एवढ्यासाठी सांगतेय की मेट्रनला हे सोपं नव्हतं, तर सहावीतल्या पोराला किती अवघड असेल. तुम्ही पेस्ट, साबण, खाऊ यांचा हिशोब ठेवा. महिन्याची पेस्ट आठवड्यात संपली म्हणाला तर तो ती खात नाही, दुसरं कुणी नेतंय.

इंग्रजीची काळजी सर्वांत शेवटी करा. मराठी शाळेतली मुलं पहिली टर्म गप्प असतात, दिवाळीनंतर एकमेकांशी इंग्रजीत भांडतात. व्याकरण भयानक असतं पण भांडण चालू राहतं.

सैन्यात जायचं नसलं तर काय, ते कुणी जुना विद्यार्थी सांगेल. तो माझा विषय नाही.

फॉल_इन:

मेट्रन मॅम, सॅल्यूट. बनियनवरचं वाचून ऑफिसात एकटाच हसलो.

एका बाबतीत मात्र असहमत. पळू दे त्याला. गती महत्त्वाची नाही, पण पहिल्या आठवड्यात सगळ्यांत मागून येणाऱ्याला जे टोपणनाव पडतं ते बारावीपर्यंत चिकटतं. माझं होतं, इथे सांगणार नाही. फक्त वडिलांनी घड्याळ लावून उभं राहू नये, बरोबर पळावं. आणि पळण्याइतकंच लटकणंही करून घ्या. दोरावर चढताना आणि बीमवर मुलं पायांनी नाही, हातांनी हरतात.

ड्रिलबद्दल थोडं. सुरुवातीचे कित्येक तास नुसतं उभं राहणं असतं. सावधान, विश्राम, दाहिने मुड, बाएँ मुड, सगळे हुकूम हिंदीत. नाकावर माशी बसली तरी हात हलवायचा नाही. आम्हाला तेव्हा हा वेडेपणा वाटायचा. त्याचा उपयोग काय ते उस्तादांनी कधी समजावलं नाही, आणि खरं सांगायचं तर समजावलं असतं तरी त्या वयात पटलं नसतं. मोठ्या वर्गांत एनसीसी येते, तेव्हा नकाशावाचन, रायफल, कॅम्प असं सुरू होतं आणि मजा वाढते. सहावी-सातवीत मात्र पीटी, ड्रिल आणि खेळ एवढंच. कंटाळवाणं असतं, त्याला आधीच सांगा.

आता सैन्यात जायचं नसलं तर. जुन्या सैनिक शाळांचा उद्देशच मुलं एनडीएला, म्हणजे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत पाठवणं हा आहे, पण इथे शिकला म्हणून थेट प्रवेश कुणाला मिळत नाही. बारावीत असताना यूपीएससीची लेखी द्यावी लागते, गणित ३०० आणि सामान्य क्षमता ६०० गुणांची. ती सुटली की एसएसबी, पाच दिवसांची मुलाखत, तिला ९०० गुण. म्हणजे जेवढं महत्त्व लेखीला तेवढंच मुलाखतीला. माझ्या बॅचमधले बरेच जण लेखी पास झाले आणि एसएसबीतून परत आले. मीही त्यातलाच. आता विम्याच्या कामात आहे, आणि वाईट चाललेलं नाही.

जबरदस्ती कुणी करत नाही, पण हवा तशीच असते. बारावीच्या वर्षी ज्याला जायचं नसतं तो जरा एकटा पडतो. दुसरी व्यवहाराची गोष्ट अशी की जुन्या सैनिक शाळांत अकरावी-बारावीला विज्ञानच असतं. त्याला वाणिज्य किंवा कला घ्यावंसं वाटलं तर दहावीनंतर बाहेर पडावं लागेल. हे यजमानांशी आत्ताच बोलून ठेवा, नाहीतर पाच वर्षांनी घरात भांडण ठरलेलं.

आजी फार हट्टाला पेटल्या तर त्यांना हेही सांगता येईल की आज नाही म्हटलं तरी सैन्याचं दार बंद होत नाही. देहरादूनच्या आरआयएमसीला (राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेज) आठवीत प्रवेश मिळतो, सैनिक शाळांना पुन्हा नववीत, आणि दहावीनंतर छत्रपती संभाजीनगरची एसपीआय आहेच, एनडीएची तयारी करून घेणारी राज्य सरकारची संस्था, १९७७ पासूनची. साध्या कॉलेजातून एनडीएला जाणारीही भरपूर असतात.

चिंचेचं_झाड:

सगळ्यांचे मनापासून आभार. मेट्रनबाई, तुमचं उत्तर ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. टॉवेलच्या परिच्छेदाला गप्प झाले. फॉल_इन दादा, तुमचं वाचल्यावर पुन्हा सुरू झाले, पण आता दोघं मिळून पळतात.

औषधाच्या दुकानात पुढे केलं त्याला. दुकानदाराने दोनदा विचारलं, हा माझ्याकडे बघत राहिला, मी छताकडे. शेवटी बोलला.

पण एक मला सुटत नाही. तो जातो म्हणतो ते त्याला जायचंय म्हणून, की आम्हाला बरं वाटावं म्हणून? कसं ओळखायचं? आणि नाही रुळला तर परत आणायचं की नाही?

जुनी_मेट्रन:

ताई, कशालाही हो म्हणतो हे तुमच्या पहिल्या पोस्टमध्येच मला खटकलं होतं, तेव्हाच लिहायला हवं होतं खरं तर. अशा मुलाला जायचंय का विचारून काही कळत नाही. तुम्हाला काय ऐकायचंय ते तो चेहऱ्यावरून वाचतो. त्याला ठरावीक गोष्टी विचारा. तिथे सगळ्यांत काय आवडेल? काय नको वाटतं? ज्याला खरंच जायचंय तो नको वाटणाऱ्या गोष्टीही सांगतो. पोहायची भीती वाटते, केस कापतील, अंधारात संडासला जावं लागेल. ज्याला फक्त तुम्हाला खूश करायचंय तो म्हणतो, सगळं आवडेल. हा सगळं आवडेल म्हणाला तर दोन दिवसांनी पुन्हा विचारा, आणि या वेळी तुमच्याऐवजी मामा किंवा आत्या, ज्याच्यासमोर तो मोकळा असतो त्याने विचारावं. सासूबाईंना नको, त्या उत्तर आधीच सांगून टाकतील.

आणि हो म्हणणाऱ्या मुलाला नाही म्हणायला शिकवून पाठवा. मोठा मुलगा म्हणाला, तुझी पेस्ट दे, तर काय म्हणशील? रात्री खोलीत ये म्हणाला, तर? नुसतं समजावू नका, वडिलांना मोठा मुलगा होऊ द्या आणि पोराकडून मोठ्याने बोलून घ्या. "मला हाउसमास्तरांना विचारावं लागेल" एवढं वाक्य आलं तरी पुष्कळ. सुरुवातीला हसेल, पुटपुटेल. पाठ होईपर्यंत करा. ते वाक्य ज्याच्या तोंडी असतं त्याच्या वाटेला सहसा कुणी जात नाही, कारण मोठ्या मुलांना बोलणारं पोर नको असतं.

परत आणायचं का? पहिले दीड-दोन महिने नाही. तेव्हा सगळेच परत येतो म्हणतात, आणि ज्यांना पहिल्याच महिन्यात घरी नेलं त्यांच्यातली काही घरी पोचल्यावर परत शाळेत सोडा म्हणून रडलेली मला माहीत आहेत. पहिली टर्म संपून सुट्टीला येईल तेव्हा बघा. वजन फार उतरलंय का, झोपेत दचकतो का, मित्रांची नावं घेतो का, परत जायच्या आदल्या दिवशी पेटी स्वतः भरतो की तुम्हाला भरावी लागते. हे सगळं उलटं दिसलं तर काढून आणा, आणि लोक काय म्हणतील याचा विचार करू नका. मात्र "नाही जमलं तर आणू हं" असं त्याला आत्ता सांगू नका, नाहीतर पहिल्या रविवारीच फोनवर तेवढंच ऐकाल.

अंधारात संडासला जायचं म्हटलं तसं, छोटी बॅटरी द्या, शाळेच्या यादीत चालत असेल तर. आणि पेटीला आकड्यांचं कुलूप घ्या. किल्लीचं घेतलंत तर पहिल्याच आठवड्यात हरवतो, आणि मग कुणीतरी हातोडीने पेटीचं कोयंडं तोडत बसतं.